आधी नांगर आणि तळाची भोकं, फ्रीज शेवटी : कोकण किनाऱ्यावर सात महिने बोटीत राहायची तयारी

तुमची यादी मी दोनदा वाचली. ३४ फुटी, पंचविशीला आलेली फायबरची शिडाची बोट, मेअखेरीला काठावर उचलून ठेवलेली. दसऱ्यानंतर ती पाण्यात टाकायची, मेच्या मध्यापर्यंत तुम्ही दोघांनी तिच्यावरच राहायचं आणि मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन परत यायचं. पैसे मोजके आहेत, म्हणून कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हा तुमचा प्रश्न. यादीत सगळ्यात वर सोलर पॅनेल, फ्रीज आणि वॉटरमेकर (समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र) आहे. मग नवी शिडं, मग इंजिनाची सर्व्हिस. शेवटच्या दोन ओळींत लिहिलंय, ‘नांगर : आहे तो चालेल’ आणि ‘तळाचे वॉल्व : वरून ठीक दिसतात’.

मी या शेवटच्या दोन ओळींपासून सुरुवात करेन.

बोटीत राहायचं म्हणजे काय, याचा हिशेब मांडून बघा. ऑक्टोबर ते मे म्हणजे साधारण २१० रात्री. त्यातल्या दहा-बारा तुम्ही चालत्या बोटीवर काढाल, उरलेल्या सगळ्या नांगरावर. आपल्याकडे बंदराबंदराला मरिना नाहीत, की संध्याकाळी दोर बांधला, वीज-पाणी जोडलं आणि झोपलो. आपल्याकडे खाड्या आहेत, आणि खाडीत दर सव्वासहा तासांनी पाण्याची ओढ उलटी फिरते. तुम्ही गाढ झोपेत असताना बोट तरंगत राहिली पाहिजे आणि जिथं सोडली तिथंच राहिली पाहिजे. वीस वर्षं जहाजदुरुस्तीत काढून मग गेले अकरा हंगाम मी आणि बायको आमच्या ३६ फुटी बोटीवर राहतोय. आमच्यावर आलेले सगळे खरे कठीण प्रसंग नांगरावर किंवा बंदराच्या तोंडाशी आलेत. भर समुद्रात शिडाखाली एकही आला नाही.

आता तळाचे वॉल्व, म्हणजे पाणी आत-बाहेर न्यायला बोटीच्या तळाला जी भोकं असतात ती बंद करणाऱ्या तोट्या. दुसऱ्या हंगामात दाभोळ खाडीत होतो. दुपारची वेळ, जेवण झालेलं. संडासाच्या पाइपची क्लिप जरा सैल वाटली म्हणून स्क्रूड्रायव्हरनं अर्धा फेरा आवळला. क्लिप आवळली गेली आणि तिच्याखालचं पितळी फिटिंग पाइपसकट माझ्या हातात आलं. मनगटाएवढी पाण्याची धार थेट छातीवर. बायकोनं वॉल्वशेजारी दोरीनं बांधून ठेवलेली लाकडी खुंटी माझ्या हातात दिली, मी ती दाबून ठोकली. अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं झालं, तरी केबिनच्या फळ्यांवर पाणी आलं होतं. नंतर ते फिटिंग उन्हात धरून बघितलं. तुटलेल्या जागी पितळेचा पिवळा रंग नव्हता. कच्च्या विटेसारखा गुलाबी रंग होता आणि नखानं भुगा निघत होता.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू विरघळून जातं आणि मागे तांब्याचा पोकळ स्पंज उरतो. बाहेरून आकार तोच, चकाकीही बऱ्यापैकी, म्हणून ‘वरून ठीक दिसतात’. ताकद मात्र शून्य. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर दीड इंची भोक उघडं पडलं, तर मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येतं. बिल्ज पंपाच्या (बोटीत फळ्यांखाली साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) डब्यावर जो आकडा छापलेला असतो, त्याच्या जवळपास निम्मंच पाणी तो बोटीत बसवल्यावर उपसतो, कारण त्याला पाणी मीटरभर वर चढवून पाइपच्या वळणांतून बाहेर टाकायचं असतं. म्हणजे अशा भोकाशी तुमचा एकटा पंप लढू शकत नाही.

बोट काठावर आहे, यापेक्षा चांगली वेळ नाही. प्रत्येक वॉल्वचा पाइप काढा. फिटिंगवर छोट्या हातोडीनं टिचकी मारा, नाद खणखणीत यायला हवा. मग चाकूच्या टोकानं खरवडा. पिवळं दिसलं तर ठीक, गुलाबी दिसलं तर वाद न घालता फेकून द्या. नवीन घेताना ब्राँझ घ्या, किंवा जस्त न सोडणारं खास पितळ, किंवा चांगल्या प्रतीचं काचतंतू घातलेलं प्लास्टिक. हार्डवेअरच्या दुकानातला नळाचा बॉल वॉल्व सारखाच दिसतो आणि पाचपट स्वस्त असतो. तो पाण्याखाली लावू नका. जिथं जागा आहे तिथं पाइपला दोन क्लिपा लावा आणि प्रत्येक वॉल्वला त्याच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी बांधा.

आणखी एक. बोटीखाली उताणे झोपून भोकं मोजा. आमच्या बोटीला नऊ निघाली, त्यातली दोन आधीच्या मालकानं काढून टाकलेल्या यंत्रांची होती आणि नुसत्या वॉल्ववर बंद होती. ती फायबरनं कायमची बुजवली. मजुरी आणि साहित्य मिळून नगण्य खर्च, आणि दोन काळज्या जन्मभरासाठी संपल्या.

बोटीखाली असतानाच सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवा. बेअरिंगमध्ये खडखड आहे का ते बघा. शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा) असेल तर पंखा, म्हणजे प्रोपेलर, वर-खाली हलवून रबरी बेअरिंग किती झिजलंय ते कळतं. सेलड्राइव्ह (दांड्याऐवजी इंजिनापासून तळातून सरळ खाली उतरणारा पाय) असेल तर त्याच्या रबरी पडद्याची तारीख शोधा. साधारण सात वर्षांनी तो बदलायचा असतो आणि बदलायला इंजिन सरकवावं लागतं, म्हणून मागचा मालक हमखास ते काम पुढच्यावर टाकून जातो. कील (तळाखालचं वजनदार पातं) जिथं बोटीला जोडली आहे तिथं गंजाचे ओघळ दिसले, तर मला आधी सांगा.

रंगाची घाई मात्र करू नका. आषाढ-श्रावणात कोकणातली हवाच ओली असते, तिच्यात फायबर वाळत नाही आणि ओल्या फायबरवर रंग धरत नाही. आत्ता घासून, खड्डे भरून ठेवा आणि पाऊस उघडीप देऊ लागला की सप्टेंबरच्या शेवटी तळाचा रंग द्या. आपल्या कोमट पाण्यात शेवाळ आणि बार्नॅकल फार लवकर धरतात. पंख्यावर तर तीन आठवड्यांत थर येतो आणि इंजिन ओढत असूनही बोट चालत नाही. हंगामात महिन्यातून एकदा डोळ्यांना मास्क लावून पंखा खरवडायचाच. मच्छीमार नाखवा पूर्वीपासून जे करतात ते तुम्हीही करा : मध्ये कधी खाडीत वर, गोड पाण्याच्या बाजूला, आठवडाभर मुक्काम टाका. खाऱ्या पाण्यातले बरेचसे चिकटे जीव तिथं मरतात आणि सहज निघतात.

आता नांगर. ‘आहे तो चालेल’ असं तुम्ही लिहिलंय, पण त्याचं वजन लिहिलं नाही. माझ्या अंदाजानं तो बोटीबरोबर आलेला, रविवारी दुपारी जेवायला थांबायच्या मापाचा आहे. भरल्या संसारासकट तुमची बोट सहा-सात टनांची होईल. तिला २० किलोचा नव्या घडणीचा नांगर हवा, जो उलट्या ओढीत उपटला तरी पुन्हा स्वतःहून रुततो. कोकणातल्या खाड्यांचा तळ बहुतेक ठिकाणी मऊ गाळाचा. त्यात रुंद पात्याचा नांगर धरतो, जुन्या पद्धतीचा, शेतातल्या नांगराच्या फाळासारखा नांगर लोण्यातून सुरी जावी तसा सरकत राहतो. त्याच्याबरोबर १० मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड साखळी, किमान ५० मीटर, एकसंध.

किती साखळी सोडायची याचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करायचा, हे नवखे हमखास विसरतात. समजा, सुकतीला तुमच्याखाली ४ मीटर पाणी आहे. उधाणाची भरती ३ मीटर चढणार. पाण्यापासून बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) उंची १ मीटर. झाले ८ मीटर. त्याच्या पाचपट म्हणजे ४० मीटर साखळी. संध्याकाळी सुकतीला पोहोचून ‘४ मीटर पाणी आहे, २० मीटर पुष्कळ झाली’ म्हणणारा पहाटे भरतीला उठून बघतो तेव्हा बोट दुसऱ्याच्या अंगावर असते. उत्तरेला हा फरक जास्त. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, दक्षिणेला जाल तसं कमी होत जाऊन मालवण-गोव्याकडे दोन-सव्वादोन मीटरवर येतं. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) कधी आहेत हे अमावास्या-पौर्णिमा आणि अष्टमी बघून ढोबळ कळतं. नेमके आकडे भरतीच्या तक्त्यातून घ्या.

जयगडच्या खाडीत पाचव्या हंगामात आमचा नांगर दहा दिवस खडकासारखा धरून होता. उधाणाच्या रात्री ओहोटीची ओढ फिरली, बोट फिरली, नांगर उपटला आणि पुन्हा रुतलाच नाही. वर काढला तेव्हा कळलं, टोकावर टाकून दिलेल्या जाळ्याचा गुंता बसला होता. जीपीएसचा अलार्म लावलेला होता म्हणून जाग आली. नांगरून असलेल्या एका बार्जपासून आम्ही दोन बोटींच्या लांबीएवढ्या अंतरावर होतो. तेव्हापासून आठ दिवसांच्या वर मुक्काम झाला की मी नांगर एकदा उचलून, धुऊन, पुन्हा टाकतो. टाकल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये घेऊन मिनिटभर जोरात ओढतो आणि किनाऱ्यावरचं एक झाड आणि एक घर एका रेषेत धरून बघतो. रेषा हलली नाही तरच चहा ठेवायचा.

साखळीचं दुसरं टोक बोटीला शॅकलनं (लोखंडी कडीनं) बांधू नका, जाड दोरानं बांधा, आणि तो दोर इतका लांब ठेवा की टोक डेकवर येईल. एखाद्या रात्री सगळं सोडून पळायची वेळ आली तर तो दोर चाकूनं कापता येतो. साखळीवर दर १० मीटरला रंगाची खूण करा. साखळीला आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर अडकवून सगळा भार त्याच्यावर घ्या, म्हणजे हिसका विंडलासला (साखळी ओढणाऱ्या यंत्राला) बसत नाही आणि केबिनमध्ये रात्रभर साखळीचा खरखराट येत नाही. शिवाय दुसरा नांगर हवाच, हलका, रुंद पात्याचा, १० मीटर साखळी आणि पुढे दोर. रत्नागिरी किंवा मालवणसारख्या समुद्राला उघड्या जागी डिसेंबर ते मार्च वायव्येकडून लांब लाटा येतात. त्या आखातातल्या वाऱ्यानं उठलेल्या असतात, आपल्याकडे वारा पडलेला असला तरी येतात आणि बोट आडवी डोलत राहते. तेव्हा मागून दुसरा नांगर टाकून तोंड लाटेकडे धरलं की माणसाला झोप लागते. मालवणात सिंधुदुर्गाभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, विचारून वाळूचा तळ बघून टाकायचा.

हे दोन विषय तुमच्या निम्म्या पैशांत बसतील. उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनाला द्या, आणि त्याचं कारण वाऱ्यात आहे. पाऊस संपल्यावर आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, दहा-अकराला तो पडतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि सूर्यास्तापर्यंत टिकतो. नोव्हेंबर-डिसेंबरात दक्षिणेला जाताना हा वारा पाठीशी असतो, सुखाचा प्रवास. परतताना, मार्चपासून पुढे, तोच वारा १५-१८ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) होऊन थेट तोंडावर येतो. तेव्हा पहाटे तीनला उठून मतलई वाऱ्यावर जमेल तेवढं उत्तरेला सरकायचं आणि तो पडला की इंजिन चालू करून बाराच्या आत पुढची खाडी गाठायची. हे महिना-दीड महिना, रोज सात-आठ तास, एप्रिलच्या उन्हात. इंजिनाची परीक्षा तिथं होते.

थंड ठेवणारं पाणी हा इंजिनाचा जीव. खाडीच्या पाण्यात गाळ असतो, प्लास्टिकच्या पिशव्या असतात, हिवाळ्याच्या शेवटी जेलीफिश असतात. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पाती असलेलं चक्र) दर हंगामाला नवा घाला आणि तीन जादा बरोबर ठेवा. जुन्याची पाती तुटलेली दिसली तर तुकडे मोजा. जे सापडत नाहीत ते हीट एक्स्चेंजरमध्ये (खाऱ्या पाण्यानं इंजिन थंड करणाऱ्या नळ्यांच्या पेटीत) अडकलेले असतात. हीट एक्स्चेंजर उघडून साफ करा, त्यातली जस्ताची कांडी बदला, एक्झॉस्टचं कोपर काढून आत काजळीनं किती भोक उरलंय ते बघा. पंचवीस वर्षांच्या इंजिनात बहुतेकदा करंगळी जेमतेम जाते. डिझेलची टाकी तळापर्यंत उपसून काढा. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घाम धरते, ते पाणी तळाला बसतं, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर काळा शेवाळासारखा चिकटा वाढतो आणि पहिल्या मोठ्या लाटेत ढवळून फिल्टर बंद करतो. ते नेमकं खाडीच्या तोंडाशी होतं, कारण लाट तिथंच असते. डिझेल पंपावरून कॅनमध्येच आणावं लागणार, तेव्हा पाणी वेगळं करणारं जाळीचं नरसाळं घ्या आणि प्रत्येक कॅन त्याच्यातून ओता. इंजिनानं एअर पकडली तर ती काढायला दोघांनाही यायला हवं, डोळे मिटून. आत्ता काठावर असताना मुद्दाम फिल्टर सोडून दहा वेळा सराव करा.

इंजिनाच्या बाबतीत आपला किनारा मात्र श्रीमंत आहे. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, कुठल्याही मासेमारी बंदरात उत्तम डिझेल मिस्त्री भेटतो, आणि मी पाहिलेले त्यांतले काही जहाजांवरच्या इंजिनिअरांपेक्षा सरस आहेत. तुमच्या इंजिनाचा सुटा भाग त्यांच्याकडे नसतो, हात असतात. सुटे भाग तुम्ही न्या.

जाळ्यांबद्दल वेगळं लिहितो. हर्णैजवळ, दिवेलागणीच्या सुमाराला, आम्ही इंजिनावर चाललो होतो. एक झेंडा दिसला, आम्ही त्याच्या बाहेरून गेलो असं आम्हांला वाटलं. पंख्यानं जाळ्याचा दोर घेतला आणि इंजिन गचका देऊन बंद पडलं. मी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरलो. अंधार पडत होता, गढूळ पाणी, बोट वर-खाली होतेय. दात्यांच्या चाकूनं दोर कापायला पाऊण तास लागला. कापताना जेवढा गरजेचा तेवढाच दोर कापला, जाळ्याची दोन्ही टोकं पुन्हा गाठ मारून जोडली आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर जाऊन तांडेलांना (मासेमारी बोटीच्या प्रमुखांना) शोधून सांगितलं, नुकसान विचारलं. त्यांनी दोराचे पैसे घेतले, वर दोन बांगडे दिले आणि त्यांच्या जाळ्याची मांडणी कशी ओळखायची ते वाळूवर काटकीनं काढून दाखवलं : कुठला झेंडा सुरुवातीचा, कुठला शेवटचा, मध्ये तरंगणारे डबे कसे. मुंबई-रायगडच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी खुंटांना बांधलेली डोल जाळी असतात, ती भरती-ओहोटीच्या ओढीत पसरलेली असतात आणि रात्री दिसत नाहीत. म्हणून माझा नियम : अनोळखी खाडीत शिरणं फक्त दिवसा, आणि किनाऱ्याच्या दहा मैलांच्या आत, परतीच्या वाटेवरची ती पहाटेची चाल सोडली, तर रात्रीचा प्रवास टाळायचा. शाफ्टवर दोर कापणारी पाती बसवता येत असतील तर बसवा, पण मास्क, चाकू आणि कमरेचा दोर हाताशी हवेतच.

डोलकाठी आणि तिच्या तारा. इथं परिस्थिती इंजिनाच्या उलट आहे, मुंबई सोडली की गोव्यापर्यंत शिडाच्या बोटीचं रिगिंग करणारा तुम्हांला भेटणार नाही. बोट पंचविशीची आणि तारा कधी बदलल्या याची नोंद नाही, म्हणजे त्या बदलायच्या. आपल्या दमट खाऱ्या उष्ण हवेत दहा वर्षं हे तारेचं भरपूर आयुष्य झालं. पण त्याच्याही आधी चेनप्लेट काढा, म्हणजे तार जिथं बोटीला धरली आहे त्या स्टीलच्या पट्ट्या. स्टेनलेस स्टील हवा मिळते तोवर गंजत नाही. डेकमधून आत जाताना जिथं ती पट्टी ओल्या लाकडात आणि सीलंटमध्ये दडलेली असते, तिथं हवा पोहोचत नाही आणि नेमकी तिथंच ती आतून खाल्ली जाते. वरून आरशासारखी चकचकीत पट्टी डेकच्या जाडीत अर्धी उरलेली मी पाहिली आहे. तारेवरून जुना मोजा फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं तुटलेला तंतू आहे. बरोबर सगळ्यात लांब स्टेएवढी (डोलकाठी धरणाऱ्या तारेएवढी) जादा तार, घरी बसवता येतील अशी दोन टोकं आणि तार तोडायची मोठी कात्री ठेवा.

शिडं नवी घेऊ नका, या हंगामाला तरी नको. कापड शाबूत असताना शिवण आधी जाते, उन्हानं दोरा कुजतो. प्रत्येक शिवणीवर नख ओढा, दोरा तुटला की ती शिवण पुन्हा मारून घ्या. मुख्य शिडाला तिसरी रीफ (शीड आवरून लहान करायची सोय) बसवून घ्या. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि मेमध्ये वळीव, या दोन्ही वेळी शांत दुपारी दहा मिनिटांत ३५-४० नॉटचा झोत येतो आणि अर्ध्या तासात निघूनही जातो. तेवढा अर्धा तास शीड लहान असलं की पुरतं.

आता तुमच्या यादीतल्या वरच्या तीन वस्तू. सोलर घ्या, ३०० वॅट पुरेल. नोव्हेंबर ते मे आपल्याकडे ऊन भरवशाचं, दिवसाला १२ व्होल्टचे ९०-१०० अँपिअर-तास मिळतील, फक्त बूमची (मुख्य शिडाखालच्या आडव्या दांड्याची) सावली पडणार नाही अशी जागा शोधा. वायर साध्या तांब्याची नव्हे, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज बसवा. वॉटरमेकर माझ्या मते पूर्ण काढून टाका. तो स्वच्छ समुद्राच्या पाण्यासाठी असतो. तुमचा मुक्काम गढूळ खाडीत आणि तेलकट बंदरात, तिथं त्याचे पडदे काही आठवड्यांत बाद होतील. त्याऐवजी टाक्या स्वच्छ करा. ३०० लिटर पाणी दोघांना काटकसरीनं बारा-तेरा दिवस जातं. एक कळकळीची विनंती : एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत बायकांच्या हंड्यालाच पाणी नसतं. तेव्हा गावच्या विहिरीवर कॅन घेऊन जाऊ नका, मोठ्या बंदरात टँकरवाल्याकडून विकत घ्या. फ्रीज पहिल्या हंगामाला थांबू शकतो. मासेमारी बंदरात बर्फाचा कारखाना असतो, चांगल्या पेटीत लादीचा तुकडा चार दिवस टिकतो.

संसाराचं थोडक्यात. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये साचतो आणि बिल्ज पंपाच्या ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर बाहेर, खालून बोटीबाहेर भोक असलेल्या पेटीत ठेवा, रबरी नळी नवी घाला आणि स्वयंपाक झाला की सिलिंडरवरच बंद करा. पूर्ण बोट झाकेल असं जाड कापडाचं छत बंदरावरच्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घ्या. मार्चनंतर तेच तुमचं घर आहे. प्रत्येक झरोक्याला मच्छरदाणी लावा, खारफुटीजवळची संध्याकाळ तिच्याशिवाय सोसत नाही. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर येऊ देऊ नका, झुरळाची अंडी त्यातूनच येतात. खराब हवेच्या दिवशी आमच्याकडे कुळथाची पिठी आणि भात असतो, एका हातानं धरून दुसऱ्या हातानं करता येणारं याहून पोटभरीचं मला सुचलेलं नाही.

कागदपत्रं, व्हीएचएफचा (बोटीवरच्या रेडिओचा) परवाना, ओळखपत्रं यांच्या प्रती पाण्यापासून सुरक्षित पिशवीत ठेवा. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक आहे आणि ती असायलाच हवी. नव्या बंदरात पोहोचलात की मेरीटाइम बोर्डाचं बंदर कार्यालय आणि सागरी पोलीस ठाणं इथं आपणहून जाऊन सांगा. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ केबिनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय हायड्रोग्राफिक कार्यालयाचे असले तरी खाडीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा दर पावसाळ्यात जागा बदलतो. केळशी, बाणकोट, आचरा अशा ठिकाणी आधी एखाद्या होडीवाल्याला फोन करून विचारा आणि अर्ध्या भरतीला, पाणी चढत असताना शिरा. रुतलात तरी चढतं पाणी सोडवतं.

वादळांसाठी आत्ताच नकाशावर खुणा करा. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्यालगत गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. म्हणजे तुमच्या हंगामाची दोन्ही टोकं धोक्याची आहेत. राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या खोल आणि आत वळणाऱ्या आहेत. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं मराठा आरमाराची गोदी आहे, ती जागा बघितलीत की आरमारवाल्यांनी निवारा कसा शोधला होता ते कळेल. हवामान खात्याचा कमी दाबाच्या पट्ट्याचा पहिला इशारा आला की खाडीत शिरायचं. एकदा मोठी लाट आली की खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर ती फुटू लागते, मग आत जाता येत नाही. शिडं काढून खाली ठेवायची, दोन्ही नांगर टाकायचे आणि तुम्ही दोघांनी किनाऱ्यावर झोपायचं.

पाण्यात टाकल्यावर लगेच निघू नका. पहिले सात-आठ दिवस घराजवळच्या खाडीतच नांगरावर राहा, आणि त्यात एक तरी उधाण येऊ द्या. दर तीन तासांनी फळ्या उचलून बिल्ज बघा, वॉल्वच्या बुडाशी कोरडा कागद फिरवा. त्या आठवड्यात जे निघेल त्याच्यासाठी काठ जवळ असेल.

चेनप्लेट काढल्या की दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा, डेकच्या जाडीतला भाग नीट घासून, उजेडात. तारेची ऑर्डर त्यानंतर द्या. पट्टी बदलावी लागली तर तिची लांबी बदलू शकते, आणि मग तारेचं मापही बदलेल.